पॅडमधली पांढरी भुकटी

माझी गाडी २०१४ सालची, गडद निळ्या रंगाची आहे आणि मानेवाड्यातल्या आमच्या घराला छपराची जागा नसल्यामुळे ती बारा महिने कडुनिंबाखाली उभी असते. वरून ऊन, खाली सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळ आणि आठवड्यातून दोनदा बोअरच्या पाण्याने धुणे, यांमुळे सातव्या-आठव्या वर्षीच तिच्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसू लागले. बाहेरून पॉलिश करून घेण्यापेक्षा आपणच शिकावे, असे ठरवून मी एक ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, म्हणजे चकती फिरवता फिरवता डोलवणारे पॉलिशचे यंत्र, आणि त्याला लावायची पाच इंची फोमची सहा पॅड घेतली. पॉलिश करायला शिकण्यात माझे दोन रविवार गेले. पॅड धुवायला शिकण्यात मात्र जवळजवळ एक वर्ष गेले आणि चार पॅड कायमची निकामी झाली. नागपूरसारख्या गावात, जिथे उन्हाळा आणि पाणी दोन्ही कडक आहे, तिथे हे काम करू पाहणाऱ्याचे ते वर्ष वाचावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी पॅडमध्ये नेमके काय साठते ते सांगायला हवे, कारण माझ्या सगळ्या चुका ते न कळल्यामुळेच झाल्या. गाडीच्या रंगावर सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी भरते. पॉलिश करणे म्हणजे वरून चमक चोपडणे नव्हे, तर या थराचा अतिशय पातळ भाग घासून काढून चऱ्यांच्या कडा सपाट करणे होय. हे घासण्याचे काम कंपाउंडमधले, म्हणजे पॅडला लावायच्या पॉलिशच्या लेपातले, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण करतात. मोहसच्या काठिण्यश्रेणीत हिरा १० वर आहे आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९ वर, इतके ते कण कठीण असतात. त्यांना पसरवण्यासाठी कंपाउंडमध्ये पाणी आणि तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. पॅड फिरू लागले की तेल, कण आणि खरवडून निघालेला क्लिअर कोटचा भुगा हे तिन्ही फोमच्या छिद्रांत शिरतात आणि घर्षणाच्या उष्णतेने तिथेच घट्ट होतात. यातले तेल साबणाने सुटते. कण मात्र पाण्यातही विरघळत नाहीत आणि साबणातही नाहीत. त्यांना वाहत्या पाण्याबरोबर फोममधून बाहेरच न्यावे लागते. ही एवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवशी ठाऊक असती, तर पुढचे बरेचसे घडले नसते.

पहिल्या वेळी मी काम संपल्यावर सगळी पॅड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून ठेवली आणि ती पिशवी पंधरा दिवसांनी उघडली. तोवर कंपाउंड वाळून फोमवर राखाडी पापुद्रा धरला होता. तो निघावा म्हणून मी गीझरचे कढत पाणी बादलीत घेतले, कपडे धुण्याची पावडर टाकली, पॅड रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी कपड्यांच्या ब्रशने घासली, टॉवेलसारखी पिळली आणि गच्चीच्या कठड्यावर उन्हात वाळत घातली. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. दुपारी कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. संध्याकाळपर्यंत पॅड खडखडीत वाळली, दिसायलाही स्वच्छ दिसली, आणि मी समाधानाने ती डब्यात ठेवली.

पुढच्या महिन्यात उजव्या दारावर मशीन लावले आणि दुसऱ्याच मिनिटाला फोम वेल्क्रोपासून सुटून अंगणाच्या भिंतीवर जाऊन आदळला. मशीनला फक्त वेल्क्रोची चकती चिकटून राहिली होती. हात झटकन वर उचलला गेला म्हणून दार वाचले. दुसऱ्या पॅडची कड आधीच उचकटलेली होती. तिसऱ्यावर ब्रशने ओरखडलेल्या जागी फोमचे तुकडे गळत होते.

आमच्या मागच्या गल्लीत डेंटिंग-पेंटिंगचे दुकान चालवणारे एक पेंटर काका आहेत. ते सुटलेले पॅड घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे धुतलं नाही तुम्ही, हे तं उकळलं. गोंद सुटला ना याचा. पॅडले पाण्यात बुडवून ठेवत नसते, पाणी त्याच्यातून काढा लागते." मग त्यांनी आपले एक लोकरीचे पॅड नळाखाली धरून दाखवले. बोटांनी दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. चोळायचे नाही आणि पिळायचे तर मुळीच नाही. पिळताना फोमवर जो पीळ पडतो तो सगळा गोंदाच्या थरावर ताण म्हणून येतो, हे त्यांनी शब्दांत सांगितले नाही, पण हाताने पॅड मुरगळून गोंदाची रेघ कशी उघडते ते दाखवले.

फोमच्या पॅडचा सर्वांत दुबळा भाग फोम नाही, तर फोम आणि वेल्क्रो यांच्यामधला हा गोंदाचा थर आहे. वेल्क्रोची कल्पना जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याला १९४१ मध्ये सुचली, ती आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे पाहून. आपल्याकडे शेतातून चालताना धोतराला आणि साडीला गोखरू चिकटतात, तसाच तो प्रकार. मशीनच्या प्लेटवर बारीक आकडे असतात आणि पॅडच्या पाठीवर मऊ फासे. हे आकडे आणि फासे फार चिवट असतात, पण फाशांचे कापड फोमला धरून ठेवणारा गोंद उष्णतेने आणि दीर्घकाळ भिजण्याने ढिला पडतो. मी त्याला या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी भरपूर दिल्या होत्या.

नवी पॅड आणल्यावर मी पद्धत बदलली. काम संपले की त्याच संध्याकाळी, कंपाउंड ओले असतानाच धुवायला बसू लागलो. बादलीऐवजी स्टीलची जुनी परात घेतली, कारण परातीत जेमतेम बोटभर पाणी घेऊन पॅड फोमची बाजू खाली करून ठेवले की वेल्क्रोची बाजू आपोआप पाण्याच्या वर राहते. अ‍ॅल्युमिनियमची परात मुद्दाम टाळली, कारण अल्कधर्मी क्लीनरने ती काळी पडते. पाणी तेव्हा बोअरचेच, फार तर बाळाच्या अंघोळीला घेऊ तितके कोमट. दहा ते पंधरा मिनिटांत तेल सुटू लागते आणि परातीत दुधाळ ढग पसरतात. मग दोन्ही अंगठ्यांनी पॅडच्या मध्यापासून कडेकडे दाबत जायचे. मध्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काम करताना पॅडचा मध्य सर्वांत जास्त तापतो आणि तिथलाच मळ सर्वांत घट्ट बसतो.

हे सगळे नीट करूनही एक गोष्ट सुटेना. पॅड वाळल्यावर त्यावर अंगठा दाबला की पांढरी भुकटी उडायची. मला वाटले, कंपाउंड राहिले आहे. म्हणून पुन्हा धुतले, तर भुकटी कमी होण्याऐवजी वाढली. साबण कमी पडतो आहे असे समजून मी इतवारीतून धुण्याचा सोडा आणला आणि साबणाच्या पाण्यात दोन चमचे टाकला. त्यानंतर पॅड वाळले ते पुठ्ठ्यासारखे ताठ आणि भुकटी आधीच्या दुप्पट. याच सुमारास मी एका फिनिशिंग पॅडने, म्हणजे शेवटची चमक आणणाऱ्या मऊ पॅडने, गाडीच्या छपरावर हात फिरवला आणि निळ्या रंगावर धूसर झाक उमटली. ती कशामुळे आली हे ओळखता येत नव्हते, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले ते त्यानेच. पॅड स्वच्छ आहे की नाही हेच सांगता येत नसेल, तर ते रंगाला लावायचे कोणत्या विश्वासावर?

माझी धाकटी बहीण शाळेत विज्ञान शिकवते. ती रविवारी घरी आली होती; ओट्यावर मांडलेली पॅड पाहून म्हणाली, "दादा, गीझरच्या कॉइलवर जे बसतं तेच हे नसेल कशावरून?" आणि तिने स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवले. एका वाटीत पॅडमधून झटकलेली भुकटी घेतली आणि दुसऱ्या वाटीत कंपाउंडच्या बाटलीच्या तोंडाशी वाळलेले कण. दोन्हींवर व्हिनेगर टाकले. पहिल्या वाटीत बुडबुडे आले आणि बरीचशी भुकटी विरघळून गेली. तळाशी चिमूटभर गाळ राहिला. दुसऱ्या वाटीतले कण जसेच्या तसे राहिले. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडवर व्हिनेगरचा परिणाम होत नाही, कॅल्शियम कार्बोनेट मात्र त्यात विरघळते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडते. म्हणजे मी महिनोन् महिने ज्याला कंपाउंड समजत होतो, ते मुख्यतः आमच्या बोअरच्या पाण्यातले क्षार होते, आणि प्रत्येक धुण्याबरोबर मीच ते फोममध्ये भरत होतो.

शाळेत आपण दुष्फेन आणि सुफेन पाणी शिकतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो. ते विसरायला नको होते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असलेल्या दुष्फेन पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही. त्याची चिकट साय तयार होते आणि ती फोमच्या छिद्रांत बसते. धुण्याचा सोडा पाण्यातले कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात वेगळे करतो, म्हणून कपड्यांसाठी तो उपयोगी. कपड्यातून ती भुकटी खळबळताना निघून जाते, पण एक इंच जाड फोमच्या आत ती तयार झाली तर तिथेच अडकते. पॅड पुठ्ठ्यासारखे का झाले, याचे उत्तर मिळाले. नागपुरात कूलर नसलेले घर विरळा, आणि मार्च महिन्यात कूलर उघडून पाहणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या गवतावर बसलेला पांढरा थर पाहिलेला असतो. तोच थर माझ्या पॅडमध्ये बसत होता, आणि वर्षानुवर्षे कूलर साफ करूनही मला तो ओळखता आला नव्हता.

त्या दिवसापासून साबणाची वडी आणि सोडा दोन्ही बंद केले. आता एक लिटर पाण्याला साधारण एक चमचा भांडी घासण्याचे लिक्विड टाकतो. हे लिक्विड डिटर्जंट असल्यामुळे दुष्फेन पाण्यातही त्याची साय होत नाही. कटिंग पॅड, म्हणजे चरे घासून काढणारे पॅड, फार भरलेले असेल तर ऑल पर्पज क्लीनरचा एक भाग दहा भाग पाण्यात मिसळून आधी पॅडवर फवारतो, पाच मिनिटे ठेवतो आणि मग परातीत घेतो. पॅडसाठी वेगळे मिळणारे क्लीनरही मी वापरून पाहिले आहेत. ते चांगले आहेत, पण काम त्याच दिवशी केले तर भांड्याच्या लिक्विडने माझे निभते.

खरा बदल साबणापेक्षा पाण्यात केला. पहिली दोन पाणी नळाच्या पाण्याची. महानगरपालिकेच्या नळाला येणारे नदीचे पाणी आमच्या बोअरपेक्षा पुष्कळ मऊ आहे. प्रत्येक वेळी परात पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ पुसून मगच नवे पाणी घेतो, कारण त्याच पाण्यात पुन्हा दाबले की बाहेर आलेले कण फोम परत शोषून घेतो. शेवटचे पाणी मात्र एसीच्या नळीतून गळणारे घेतो, कापडातून गाळून. हवेतली वाफ थंड कॉइलवर जमून ते तयार होते, म्हणून त्यात क्षार जवळजवळ नसतात. अडचण अशी की मे महिन्यात, जेव्हा एसी दिवसरात्र चालतो, तेव्हाच नागपूरची हवा इतकी कोरडी असते की रात्रभरात बादलीचा तळही झाकत नाही. पाऊस सुरू झाला की मात्र सकाळी अर्धी बादली भरलेली मिळते. ते मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून ठेवतो. उघडे ठेवू नये, डासांची अंडी होतात. कोणी आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने पॅड धुवायचे सुचवले तर ऐकू नये. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, पण शुद्ध पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. फरशी पुसायला ते ठीक, शेवटच्या खळबळीला नाही.

पॅड स्वच्छ झाले की नाही हे ओळखण्याची रीतही त्यामुळे सापडली. एसीच्या पाण्यात दाबून काढलेले ओले पॅड मी काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेवर दाबतो आणि उमटलेला ओला ठसा वाळू देतो. ठशाच्या जागी पांढरट कडे राहिले तर आत अजून कंपाउंड आहे. पाण्यात क्षारच नसल्यामुळे आता दुसरा संशय उरत नाही. बोअरच्या पाण्याने ही परीक्षा घेतली असती तर कडे दरवेळी दिसलेच असते आणि मी पुन्हा धुतच बसलो असतो.

धुण्याचे पाणी सुरुवातीला आई कुंडीत घालायला निघाली होती, कारण आमच्या घरात भाजी धुतलेले पाणीही वाया जात नाही. त्यात तेलकट द्रव्ये आणि रंगाचा भुगा असतो, म्हणून ते झाडांना घालू नये, असे मी तिला समजावले. आता परातीतला गाळ खाली बसू देतो, वरचे पाणी मोरीत सोडतो आणि तळाचा राखाडी चिखल जुन्या वर्तमानपत्राने पुसून कचऱ्यात टाकतो. कणांचा थर मोरीच्या वाकात साठून पाणी तुंबू नये, हाही त्यात हेतू आहे.

पाणी काढण्यासाठी पॅड दोन तळहातांमध्ये सपाट दाबतो, नंतर मशीनला लावून एका खोल, रिकाम्या बादलीत कमी वेगावर अर्धा मिनिट फिरवतो. पॅड बादलीच्या काठाच्या बरेच खाली असले पाहिजे, नाहीतर अंगणभर तुषार उडतात. मशीन कायम उभे, पॅड खालच्या बाजूला असे धरावे, म्हणजे पाणी मोटरकडे चढत नाही. ज्या सॉकेटला गळती होताच वीज तोडणारे ब्रेकर जोडलेले आहे तेच मी वापरतो, आणि ओल्या हाताने बटणाला हात लावत नाही. ही खबरदारी अनावश्यक वाटणाऱ्याने बादली वापरूच नये. हाताने दाबूनही पाणी पुरेसे निघते, फक्त वाळायला वेळ लागतो.

वाळवताना फोमची बाजू खाली आणि वेल्क्रोची वर ठेवतो, म्हणजे उरलेले पाणी गोंदाकडे न जाता खाली ओघळते. केक थंड करायची तारेची जाळी त्याला उत्तम. जागा सावलीची हवी. उन्हाळ्यात घरात पंख्याखाली ती तीन-चार तासांत वाळतात. एकदा मी कूलरसमोर ठेवून पाहिली होती, पण कूलरची हवा स्वतःच ओली असते. दुसऱ्या दिवशीही पॅड दमट होती. जुलै-ऑगस्टमध्ये पंख्याखालीही दोन-तीन दिवस लागतात, आणि आतून ओले असताना डब्यात ठेवले तर कुबट वास धरतात. पावसाळ्यात मी एका वेळी तीनच पॅड वापरतो, कारण त्याहून जास्त नीट वाळवता येत नाहीत.

मायक्रोफायबरच्या पॅडची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात मळ छिद्रांत न बसता धाग्यांच्या मुळाशी गोळा होतो आणि धागे एकमेकांना चिकटवून टाकतो. म्हणून त्याला धुण्याइतकीच काम चालू असताना ब्रशची गरज असते. प्रत्येक भाग झाला की मऊ नायलॉनच्या ब्रशने धागे उभे करायचे आणि वाळल्यावर पुन्हा एकदा उभे करायचे. फॅब्रिक कंडिशनर आणि ब्लीच त्याला कधीही लावू नये. मेण लावायचे पॅड मी कंपाउंडच्या पॅडबरोबर एका परातीत घेत नाही. वेल्क्रोवर न पुसणाऱ्या शाईने 'कटिंग', 'फिनिशिंग', 'मेण' असे लिहून ठेवले आहे.

धुण्याचा बराचसा भार काम चालू असतानाच हलका करता येतो, हे मला सर्वांत उशिरा कळले. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा एक भाग झाला की सुती टॉवेल पॅडवर दाबून धरतो आणि मशीन कमी वेगावर काही सेकंद फिरवतो. सैल झालेला भुगा टॉवेलवर येतो. दोन दरवाज्यांनंतर पॅड बदलतो, म्हणजे एकही पॅड तापून आतपर्यंत भरत नाही. पूर्वी सबंध गाडी दोन पॅडमध्ये उरकायचो, आता सहा लागतात, आणि सहा पॅड धुवायला पूर्वीच्या दोनपेक्षा कमी वेळ लागतो.

गेल्या दिवाळीआधी एक नवे फिनिशिंग पॅड हातातून अंगणात पडले. वर पाहता त्याला काही झाले नव्हते. पण आमच्या अंगणातल्या धुळीत वाळू असते, वाळूतल्या क्वार्ट्‌झचे काठिण्य ७, आणि तो कण कंपाउंडच्या कणासारखा मोजून दळलेला नसतो. असा एखादा कण फोममध्ये खोल रुतला तर तो धुण्याने निघाला की नाही, हे माझ्या काळ्या ट्रेवर दिसत नाही. ते पॅड मी तेव्हाच बाजूला काढले. आता त्याने टायर पुसतो.

पेंटर काकांना या जुलैत एसीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन नेऊन दिला. त्यांनी आपले लोकरीचे पॅड त्यात दाबून काढले, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर लोकरीतून बोटे फिरवली आणि विचारले, "भाऊ, रोज किती निघते हे पाणी?" तेव्हापासून आमच्या एसीच्या नळीखाली दोन कॅन असतात.